जुनेर आणि गोधडी

पितृपक्ष संपत आला कीं महाराष्ट्रांत घरोघरीं एक मोठें धुणें निघतें. घटस्थापनेपूर्वीं घरांतील सर्व अंथरुणें-पांघरुणें धुऊन काढण्याची वहिवाट फार जुनी आहे. ज्यांच्या गांवाला नदी आहे ते नदीवर जातात. ज्यांना नदी नाहीं ते विहिरीवर किंवा मोरींत भागवितात. आणि शहरांतील बिऱ्हाडकरूंनीं हें काम आतां यंत्राच्या पोटांत ढकलून दिलें आहे. यंत्र चादर धुतें, पलंगपोस धुतें. पण पाणी पिऊन जड झालेली गोधडी पोटांत गेली कीं तेंहि कुरकुरूं लागतें. अखेर ती दोघांनीं दोन टोकें धरून पिळावी लागते, आणि गच्चीच्या कठड्यावर टाकली तरी संध्याकाळपर्यंत ठिबकत राहते. या महिन्यांत आम्हीं जो विषय योजिला आहे तो असाच थोडा जड आहे. वाचकांनीं त्याचें एक टोक धरावें, एवढीच विनंती.

गोधडी म्हणजे काय, हें मराठी वाचकांस सांगणें नको. तिलाच कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकांत कौदी, सिंधमध्यें रिल्ली, बिहारांत सुजनी आणि बंगालमध्यें काँथा. संस्कृतांत चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला 'कन्था' हा शब्द आहे. बंगाली काँथा त्याच कुळांतली. जोग्याच्या खांद्यावरची कंथा आणि तान्ह्या बाळाचें दुपटें हीं अशा रीतीनें एकाच घराण्यांतलीं ठरतात. नांवें निरनिराळीं असलीं तरी कृति एकच : जीर्ण झालेलीं वस्त्रें एकावर एक पसरावयाचीं आणि धांवदोऱ्यानें तीं एकजीव करावयाचीं.

आमच्या घरीं हें काम आमच्या ज्येष्ठ भगिनी करितात. सारें घर त्यांना आक्का म्हणतें. त्यांचें वय चौऱ्याहत्तर आहे, आणि गेलीं बारा वर्षें त्या आमच्याकडेच असतात. सकाळीं देवपूजेचीं फुलें, भाजी निवडणें, ताक करणें हें त्यांचें ठरलेलें; दुपारीं भांडीं विसळून झालीं कीं माजघरांत सतरंजी पडते आणि दीडपासून चारपर्यंत आक्का गोधडीवर बसतात. होय, गोधडीवरच बसतात. कारण एवढें मोठें वस्त्र मांडीवर मावत नाहीं, तें जमिनीवर पसरून त्याच्यावरच बसून पुढें पुढें सरकत शिवावें लागतें. त्या वेळीं माजघरांतून जाणाऱ्या प्रत्येकास भिंतीच्या कडेनें जावें लागतें. नातवंडांना गोधडी ओलांडण्याची बंदी आहे. मांजराला तशी बंदी घालण्याचे सर्व प्रयत्न निष्फळ झाले आहेत. चार वाजले कीं सुया मोजावयाच्या. सहा सुया काढल्या असतील तर सहा परत आल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी चहा होत नाहीं. धाकट्या नातवानें याकरितां शाळेंतून एक लोहचुंबक पैदा केला आहे, आणि हरवलेली सुई शोधून देण्याबद्दल तो एक रुपया घेतो. सुई हरवण्याचें प्रमाण तेव्हांपासून किंचित् वाढलें आहे, असा आम्हांस संशय आहे.

गेल्या वर्षभरांत या माजघरांत तीन कामें झालीं. तिन्हींची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पहिलें काम लहान, म्हणजे एक दुपटें. आमच्या पुतणीला चैत्रांत मुलगा झाला. आक्कांनीं आमचीं पूजेचीं दोन जुनीं धोतरें मागून घेतलीं, उकळत्या पाण्यांत काढलीं, दोन दिवस कडक उन्हांत वाळविलीं आणि चार पदरी दुपटें शिवलें. नव्या आईच्या मनांत शंका आली कीं, तान्ह्या बाळाला जुनें कापड कशाला? शंका स्वाभाविक आहे. पण जुन्या कापडाचा हा आग्रह केवळ काटकसरीचा नाहीं. नव्या कापडांत खळ असते. तें कडक असतें आणि सुईलाहि अडवतें. शेंकडों वेळां धुतलेल्या सुती वस्त्रांतील खळ निघून गेलेली असते, धागा मोकळा आणि मऊ झालेला असतो, व घाम किंवा ओल तें लगेच टिपून घेतें. पुतणीच्या डॉक्टरीणबाईंनीं वस्त्र पाहून पसंती दिली. इतकेंच बजावलें कीं, झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडावर येईल असें कोणतेंहि सैल पांघरूण घालूं नये. मांडीवर घेतांना किंवा न्हाऊ घातल्यावर गुंडाळतांना तें खुशाल वापरावें. आक्कांनींहि हा सल्ला मुकाट्यानें मान्य केला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों.

दुसरें काम शेजारचें. शेजारच्या बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. त्यांचे अकरा सुती सदरे कपाटांत तसेच टांगलेले होते. बाई ते कोणाला देववेनात आणि कपाट उघडलें कीं त्यांना पाहवेनात. एके दिवशीं त्या सर्व सदरे घेऊन आक्कांकडे आल्या, आणि म्हणाल्या, "आक्का, यांचें काय करायचें तें तुम्हीच करा." सदऱ्याची गोधडी करणें लुगड्याच्या गोधडीहून अवघड असतें. गळपट्टी, बाह्या, शिवणी, गुंड्या हें सर्व उसवून सपाट तुकडे काढावे लागतात, आणि पाठीचा एक मोठा तुकडा सोडला तर बाकी सर्व तिरपेंतारपें. आक्कांनीं पाठीचे तुकडे मध्यें घेतले व बाह्यांच्या पट्ट्या कडेला. बाईंनीं एकच गोष्ट मागितली : एक खिसा तसाच राहूं द्यावा. निळ्या रेघांच्या सदऱ्याचा खिसा आक्कांनीं उशाकडच्या कोपऱ्यांत तसाच ठेवला. बाई रात्रीं चष्मा काढून त्या खिशांत ठेवतात. इतर कोणी याला वेडेपणा म्हणेल; आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या खिशांत चाळीस वर्षें दुसऱ्याचा चष्मा असे, त्यांत आतां त्यांचा असतो, इतकेंच.

तिसरें काम मात्र वादाचें झालें. आमच्या मातोश्री तीन वर्षांपूर्वीं त्र्याण्णवाव्या वर्षीं निवर्तल्या. त्या अखेरपर्यंत नऊवारीच नेसत. त्यांच्या ट्रंकेंत अकरा लुगडीं निघालीं : सात रोजचीं सुती, दोन इरकली, एक महेश्वरी आणि एक लग्नांतला शालू. आक्कांचा बेत सुती लुगड्यांच्या गोधड्या करण्याचा होता. आमची धाकटी बहीण माई नागपुराहून आली होती. तिच्या कानावर हें जातांच ती उभी राहिली.

"आईचीं लुगडीं कापायचीं? तुझा हात तरी कसा धजतो, आक्का?"

आक्का शांतपणें म्हणाल्या, "आईनें आपल्या सासूचीं कापलीं, तेव्हां तिचा हात धजला. त्याच गोधडींत तूं वाढलीस."

"तेव्हांची गोष्ट निराळी. तेव्हां गरज होती. आज कोणाच्या घरीं पांघरुणाची वाण आहे?"

वाचकहो, माईचें म्हणणें वरवर टाकून देण्यासारखें नव्हतें. पूर्वीं जुनेराची गोधडी होई ती दारिद्र्यामुळें, किंवा निदान काटकसरीमुळें. आज दुकानांत हवी तशी उबदार दुलई मिळते. मग आईचें शेवटचें वस्त्र कापावयाचें कशाला? तें घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवावें, वर्षांतून एकदां काढून हात फिरवावा, यांत भक्ति अधिक नाहीं काय? दोन दिवस घरांत हाच विषय चालला होता, आणि दोघीहि वडील माणसें असल्यामुळें मध्यें पडण्याची कोणाची छाती नव्हती.

निकाल शालूनें दिला. माईला तो घरीं न्यावयाचा होता, म्हणून तिनें तो ट्रंकेंतून उचलला व उलगडला. तों प्रत्येक घडीवर त्याला उभी चीर गेलेली. पन्नास वर्षें तो एकाच घडींत पडून होता. रेशीम घडीवर दबून दबून कमकुवत होतें, आणि त्यांत जर असली म्हणजे धातूच्या तारेनें तें अधिकच लवकर तुटतें. म्हणूनच संग्रहालयांतून जुनीं वस्त्रें शक्य तेथें घडी न घालतां गुंडाळून ठेवितात. माई बराच वेळ तो शालू मांडीवर घेऊन बसली. कोणी कांहीं बोललें नाहीं. आक्का तर उठून ताक करावयास गेल्या; मिळालेला जय बोलून दाखविण्याची वेळ ती नव्हे, हें त्यांना समजतें. संध्याकाळीं माईनें आपण होऊन वांटणी केली : शालू आणि एक इरकल तिनें घेतलें; महेश्वरी व दुसरें इरकल सुनांकडे गेलीं; सात सुती लुगडीं आक्कांच्या स्वाधीन झालीं.

आतां थोडा हिशेब. शिक्षकाची खोड सुटत नाहीं, तेव्हां वाचकांनीं क्षमा करावी. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. तें लुगडें चौपदरी घातलें कीं दोन मीटर लांब आणि सुमारें सव्वा मीटर रुंद अशी चार थरांची घडी होते. म्हणजे एका लुगड्यांत एका माणसाचें पांघरूण जवळजवळ तयार. आक्कांनीं जोड देऊन रुंदी दीड मीटर केली. धांवदोऱ्याच्या ओळी अडीच अडीच सेंटिमीटरांवर घातल्या, म्हणजे साठ ओळी झाल्या. प्रत्येक ओळ दोन मीटरांची. एकूण एकशें वीस मीटर शिवण. सेंटिमीटरास एक टाका धरला तर बारा हजार टाके. एका दुपारीं आक्कांचे चारशें टाके होतात. म्हणजे एका गोधडीला तीस दुपारा, किंवा पंचाहत्तर तास. हा हिशेब आम्हीं मोठ्या हौसेनें आक्कांना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "मोजून झालें असेल तर सुईंत दोरा ओवून दे." तेव्हांपासून रोज दुपारीं जेवणानंतर सहा सुयांत दोरे ओवून ठेवणें हें आमचें काम ठरून गेलें आहे. दोऱ्याला मेण लावावें, म्हणजे तो गुंतत नाहीं, आणि बोटांत अंगुस्तान घालावें, म्हणजे चार पदरांतून सुई दाबतांना बोट सोलून निघत नाहीं, एवढें ज्ञान आम्हीं वयाच्या साठीनंतर संपादन केलें.

हे टाके केवळ शोभेसाठीं नसतात. पदरांच्या मध्यें हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते, म्हणून एका जाड कापडापेक्षां चार पातळ पदर अधिक ऊब देतात. टाके पदरांना जागच्या जागीं धरतात. ते विरळ पडले तर आंतला पदर धुण्यांत गोळा होतो. फार घट्ट ओढले तर पदर चेपून मधली हवा निघून जाते व ऊबहि जाते. टाका किती ओढावा हें पुस्तकांत लिहितां येत नाहीं. तें बोटांना कळतें.

दोन गोधड्या पौषांत पुऱ्या झाल्या. एक घरीं राहिली. दुसरी माई नागपुरास घेऊन गेली, आणि तिनें ती कपाटांत ठेवून दिली! डांबराच्या गोळ्यांसह. ही वार्ता फोनवरून कळली तेव्हां आक्का दोन दिवस फारसें बोलल्या नाहींत. वैशाखांत माईच्या घरीं लग्नाचे पाहुणे आले. अंथरुणें कमी पडलीं. सुनेनें कपाटांतून ती गोधडी काढली आणि तीन वर्षांच्या एका पोराखालीं घातली. त्या पोरानें रात्रीं आपलें कर्तव्य बजावलें. सकाळीं माईचा फोन आला. तिचा आवाज भरून आला होता. आईच्या लुगड्यांची ही दशा झाली, असें ती सांगत होती. आक्कांनीं सर्व ऐकून घेतलें आणि त्या मोठ्यानें हंसल्या. म्हणाल्या, "रडूं नकोस. धुऊन उन्हांत टाक. आजपासून ती गोधडी झाली."

या वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. याच संदर्भांत अमेरिकेंतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अलाबामा राज्यांत अलाबामा नदीच्या वळणांत जीज बेंड नांवाची एक लहान वस्ती आहे. एके काळीं गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तेथें राहतात. तेथील बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या शिवीत आल्या. १९६६ सालीं त्या भागांतील बायकांनीं गोधड्या शिवून विकण्यासाठीं एक सहकारी मंडळहि काढलें. तेथील मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला, तेव्हां १९४२ सालीं तिनें त्याचे शेतावर घालावयाचे जुने कपडे घेऊन त्यांची गोधडी केली. तिच्या मुलीनें पुढें सांगितलें आहे कीं, नवऱ्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखालीं निजतां यावें म्हणून आईनें ती शिवली. सात समुद्रांपलीकडची ती बाई आणि आमच्या शेजारच्या बाई यांनीं एकमेकींचें नांवहि ऐकलेलें नाहीं. पण दोघींना एकच गोष्ट सुचली. पुढें २००२ सालीं जीज बेंडच्या गोधड्यांचें प्रदर्शन ह्यूस्टन येथें व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत झालें. २००६ सालीं अमेरिकन सरकारच्या टपालखात्यानें त्यांच्यावर दहा तिकिटें काढलीं. आज त्या गोधड्या भिंतींवर टांगतात, आणि तें योग्यच आहे. कारण त्याशिवाय त्या तुम्हां-आम्हांला कोठून दिसत्या? परंतु भिंतीवर जाण्यापूर्वीं त्या अंगावर होत्या, हें विसरून चालत नाहीं. बाईनें गोधडी शिवली ती निजण्यासाठीं.

आमच्याकडे तर याला मोठी परंपरा आहे. विनयपिटकाच्या महावग्गांत अशी कथा आहे कीं, मगध देशांतील बांध घातलेलीं शेतें पाहून बुद्धानें आनंदाला त्या आकृतीचें चीवर करावयास सांगितलें; तेव्हांपासून भिक्षूंचें चीवर कापलेले तुकडे जोडून करितात. आपल्या महाराष्ट्रांत गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेलें वस्त्र अंगावर घालून गांवोगांव झाडीत फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. उत्तर कर्नाटकांतील हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचीं फुलें लावतात. फुलें नसलेली गोधडी त्यांना नागवी वाटते. बंगालच्या जुन्या काँथ्यांवर जी नक्षी दिसते, तिचा रंगीत दोराहि साडीच्या कांठांतूनच उसवून घेत असत. या सर्वांनीं जीर्ण वस्तूचा आदर केला, पण पेटींत ठेवून नव्हे. तिला पुन्हां कामाला लावून.

आज ही परंपरा एका साध्या कारणानें तुटूं पाहत आहे. लुगडें राहिलें नाहीं. रोजच्या वापराच्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या झाल्या. त्या विरत नाहींत, मऊ होत नाहींत, घाम टिपीत नाहींत, आणि चार पदर एकावर एक ठेवले कीं निसटतात. आक्का अशी साडी हातांत घेऊन चुरगळून पाहतात व बाजूला ठेवितात. दुसरें कारण अधिक खेदाचें. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं बायकांचे गट गोधड्या शिवून विकतात. ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु गिऱ्हाईक किंमत ऐकून विचारतें, "चिंध्यांचे एवढे पैसे?" त्या गिऱ्हाईकास आमचा वरचा हिशेब दाखवावा. पैसे चिंध्यांचे नसतात. ते पंचाहत्तर तासांचे असतात. घरांतील बाईनें फुकट केलेल्या कामाची संवय आपल्याला इतकी जडली आहे कीं, तेंच काम बाजारांत आलें म्हणजे आपण त्याचें मोल द्यावयास कचरतों. ही कृपणता सुशिक्षित घरांत तरी नसावी.

ज्या भगिनींच्या ट्रंकेंत आई-सासूबाईंचीं सुती लुगडीं असतील, त्यांना आमची सूचना अशी. या दसऱ्यापूर्वीं तीं एकदां बाहेर काढा आणि उजेडापुढें धरून पाहा. विरलेला भाग कापून टाका किंवा आंतल्या पदराला घ्या; धड भाग वर घ्या; कांठ फेकूं नका, त्यांचा गोट होतो. कापडें शिवण्यापूर्वीं धुऊन घ्या, म्हणजे मागाहून आटून गोधडी सुरकुतणार नाहीं. आधीं लांब लांब टांच घालून पदर धरा, मगच बारीक टाका सुरू करा. रेशीम व जर गोधडींत घालूं नका. तीं ठेवावयाचींच असलीं तर दर सहा महिन्यांनीं घडी बदलीत जा. आणि शिवलेली गोधडी कपाटांत ठेवूं नका. ती पोराबाळांच्या अंगाखालीं घाला, आजाऱ्याच्या अंगावर घाला, पाहुण्याला द्या. ती मळेल, विरेल, फाटेलहि. मग तिच्यावर नवें अस्तर घालून पुन्हां टाके घालावेत. आमच्या घरच्या सर्वांत जुन्या गोधडीच्या पोटांत अशी आणखी एक गोधडी आहे. ती आजीनें घातली होती, आणि आक्कांनीं तिला नुकतेंच तिसरें अस्तर घातलें आहे.

सध्यां माजघरांत चौथें काम पसरलें आहे. माईनें नागपुराहून आपल्या सात जुन्या सुती साड्या पाठविल्या आहेत, आणि सोबत चिठ्ठी आहे कीं, दोन गोधड्या कराव्यात, घाई नाहीं. दीड वाजत आला. आम्हांस सुया ओवावयाच्या आहेत, तेव्हां येथेंच थांबतों.